भारतातील हवाई हद्दीचा लवचिक वापर

हवाई हद्दीचा लवचिक वापर म्हणजे देशाच्या आकाशाचे लष्करी आणि नागरी असे दोन कायमचे वाटे न पाडता, ज्याला ज्या वेळी गरज असेल त्याला तेवढ्या वेळेपुरते ते वापरू देण्याची पद्धत होय. हवाई दल, नौदल व भूदल यांच्या सरावासाठी राखलेली क्षेत्रे सराव नसताना नागरी विमानांना खुली करणे आणि गरज पडताच ती परत घेणे, हे तिचे मुख्य सूत्र आहे. भारताने ही संकल्पना एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात स्वीकारली. १६ मे २०२० रोजी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी केलेल्या घोषणेनंतर तिला राष्ट्रीय धोरणाचे महत्त्व आले. देशाच्या हवाई हद्दीपैकी केवळ ६० टक्के भाग नागरी विमानांना मुक्तपणे उपलब्ध आहे आणि निर्बंध शिथिल केल्यास विमान वाहतूक क्षेत्राला दरवर्षी सुमारे १,००० कोटी रुपयांचा लाभ होईल, असे त्यांनी सांगितले होते.

कायदेशीर पार्श्वभूमी

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीसंबंधीच्या १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूभागावरील आकाशावर संपूर्ण सार्वभौमत्व आहे. कराराचे नववे कलम लष्करी गरजेसाठी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी काही भागांवरून उड्डाण करण्यास मनाई करण्याचा अधिकार राष्ट्रांना देते. मात्र अशा क्षेत्रांचा विस्तार व स्थान वाजवी असावे आणि त्यांमुळे हवाई वाहतुकीत विनाकारण अडथळा येऊ नये, अशी अटही त्याच कलमात आहे. लष्करी विमानांसाठी नियम करताना नागरी विमानांच्या सुरक्षिततेचा यथोचित विचार करावा, असे तिसरे कलम सांगते. लवचिक वापराची संपूर्ण चर्चा या दोन कलमांच्या आधारे चालते.

भारतात या विषयाचा मूळ कायदा दीर्घकाळ १९३४ चा विमान अधिनियम हा होता. १ जानेवारी २०२५ पासून त्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली. नागरी विमानांना मार्गदर्शन करण्याचे काम भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. त्याच्या अखत्यारीतील हवाई क्षेत्र सुमारे २८ लाख चौरस सागरी मैल असून त्यांपैकी सुमारे १७ लाख चौरस सागरी मैल समुद्रावर आहे. हे क्षेत्र दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या चार उड्डाण माहिती क्षेत्रांत विभागलेले आहे.

नकाशावर निर्बंधांचे तीन प्रकार दाखवले जातात. निषिद्ध क्षेत्रावरून उड्डाणास पूर्ण मनाई असते. निर्बंधित क्षेत्रातून ठरावीक अटींवर जाता येते. धोक्याच्या क्षेत्रात विशिष्ट वेळी विमानास धोका संभवतो, अशी पूर्वसूचना दिलेली असते. निषिद्ध क्षेत्रे केवळ लष्करी नसतात. मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र आणि मलबार हिलवरील पारशी समाजाची डुंगरवाडी यांवरील आकाशही निषिद्ध आहे. लवचिक वापराचा संबंध प्रामुख्याने दुसऱ्या व तिसऱ्या प्रकाराशी, म्हणजे सरावाच्या व गोळीबाराच्या क्षेत्रांशी येतो. तात्पुरते निर्बंध 'नोटॅम' या सूचनेद्वारे वैमानिकांना कळवले जातात.

लष्करी सरावाची गरज

लढाऊ विमानांच्या सरावाला मोठे आकाश का लागते, हे साध्या गणिताने समजते. ताशी ९०० किलोमीटर वेगाने उडणारे विमान मिनिटाला १५ किलोमीटर अंतर कापते. समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांमधील अंतर मिनिटाला ३० किलोमीटरने घटते. म्हणजे १२० किलोमीटर लांबीच्या क्षेत्राच्या दोन टोकांवरून निघालेली विमाने चार मिनिटांत एकमेकांपाशी पोहोचतात. दृष्टीच्या पलीकडील लक्ष्यावर मारा करणारी क्षेपणास्त्रे आल्यापासून लढतीचा आरंभच दूर अंतरावरून होतो. त्यामुळे पूर्वी पुरेशी असलेली क्षेत्रे आता तोकडी पडतात. उंचीचीही मर्यादा चालत नाही, कारण एकाच लढतीत विमान जमिनीलगत येते आणि क्षणात प्रवासी विमानांच्या पातळीपर्यंत चढते.

याखेरीज नवशिक्या वैमानिकांचे प्रशिक्षण, तोफखान्याचा गोळीबार आणि क्षेपणास्त्र चाचण्या यांसाठी स्वतंत्र क्षेत्रे राखावी लागतात. हैदराबादजवळील दुंडिगल येथे हवाई दलाची अकादमी आहे, तर बिदर येथे 'हॉक' विमानांवर प्रशिक्षण दिले जाते. राजस्थानात पोखरण परिसरात हवाई माऱ्याचा सराव होतो. ओडिशातील चांदीपूर येथून क्षेपणास्त्राची चाचणी होते तेव्हा बंगालच्या उपसागरावरील लांबलचक पट्टा काही काळ बंद ठेवला जातो. महाराष्ट्रात देवळाली आणि अहिल्यानगर येथे भूदलाची गोळीबार क्षेत्रे आहेत. तोफगोळा लक्ष्यावर पडण्यापूर्वी हजारो फूट उंच जातो, म्हणून अशा मैदानांवरील आकाशही राखावे लागते.

नागरी विमान वाहतुकीवरील परिणाम

राखीव क्षेत्र वाटेत आले की प्रवासी विमानाला त्याला वळसा घालावा लागतो. मध्यम आकाराचे प्रवासी जेट विमान उड्डाणात मिनिटाला साधारण ४० किलो इंधन जाळते. पाच मिनिटांचा वळसा म्हणजे सुमारे २०० किलो इंधन. एक किलो विमान इंधन जळल्यावर ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हे प्रमाण धरल्यास त्या एका वळशाने सुमारे ६३० किलो उत्सर्जन वाढते. एका फेरीत हा फरक लहान वाटला, तरी दररोजच्या शेकडो फेऱ्यांत तो मोठा होतो. त्याचा भार अखेर तिकिटाच्या दरावर येतो.

दुसरा परिणाम गर्दीचा आहे. दोन राखीव क्षेत्रांच्या मधली चिंचोळी वाट सर्वांनाच वापरावी लागत असल्याने तिच्यावर विमानांची रांग लागते. काही विमानांना कमी उंचीवरून उडावे लागते आणि तेथे जेट इंजिन अधिक इंधन खाते. उतरण्यापूर्वी आकाशात घिरट्या घालण्याची वेळही अशा मार्गांवर अधिक येते.

देशातील नागरी वाहतूक वेगाने वाढत आहे. २०१४ मध्ये कार्यरत विमानतळांची संख्या ७४ होती; २०२४ मध्ये ती १५७ झाली. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० नव्या विमानांची मागणी नोंदवली. ही विमाने ज्या आकाशातून जायची आहेत, त्याचे क्षेत्रफळ मात्र वाढणारे नाही.

चरखी दादरी दुर्घटना

आकाशाच्या वाटपाचा प्रश्न केवळ इंधनाचा नाही, हे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिसून आले. त्या दिवशी संध्याकाळी हरियाणातील चरखी दादरी गावाजवळ सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन ७६ ही विमाने आकाशात एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतील सर्व ३४९ जण मृत्युमुखी पडले. हवेत झालेल्या टकरींमध्ये ही जगातील सर्वांत भीषण दुर्घटना ठरली.

दिल्लीहून निघालेले सौदी विमान १४,००० फुटांवर आणि दिल्लीकडे येणारे कझाक विमान १५,००० फुटांवर असणे अपेक्षित होते. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली आले, हे अपघाताचे कारण न्यायमूर्ती लाहोटी यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत निष्पन्न झाले. तथापि दोन विमाने विरुद्ध दिशांनी एकाच वाटेवर का होती, याचे उत्तर आकाशाच्या वाटपात होते. दिल्लीभोवतीचे बरेचसे आकाश हवाई दलाच्या ताब्यात असल्याने नागरी विमानांना येण्या-जाण्यासाठी एकच मार्गिका उपलब्ध होती. दिल्लीतील नियंत्रकांना विमानाची अचूक उंची दाखवणारे दुय्यम रडारही तेव्हा कार्यरत नव्हते. त्यामुळे सुरक्षितता केवळ १,००० फुटांच्या उभ्या अंतरावर आणि वैमानिकांच्या शब्दावर अवलंबून राहिली.

दुर्घटनेनंतर दिल्लीत येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांसाठी स्वतंत्र मार्गिका आखण्यात आल्या आणि टक्कर टाळणारी यंत्रणा विमानांना सक्तीची झाली. हवाई दलाच्या ताब्यातील आकाशाचा काही भाग नागरी वाहतुकीस देता येतो, त्याने संरक्षणाला बाध येत नाही, याचे हे मोठी किंमत मोजून मिळालेले उदाहरण आहे.

लवचिक वापराची रचना

या पद्धतीत निर्णय तीन पातळ्यांवर होतात. पहिल्या पातळीवर नागरी विमान वाहतूक व संरक्षण या खात्यांचे प्रतिनिधी धोरण ठरवतात. कोणते क्षेत्र वाटून वापरायचे आणि कोणते कायम राखायचे, हे तेथे निश्चित होते. दुसऱ्या पातळीवर आदल्या दिवशी पुढील दिवसाचे वाटप होते. तिसरी पातळी प्रत्यक्ष उड्डाणाच्या वेळची आहे. सराव लवकर संपल्यास लष्करी नियंत्रक नागरी नियंत्रकाला क्षेत्र मोकळे झाल्याचे कळवतो, तर अचानक गरज पडल्यास परत मागून घेतो.

राखीव क्षेत्रांतून जाणाऱ्या मार्गांना सशर्त मार्ग म्हणतात. त्यांचे तीन वर्ग आहेत. पहिल्या वर्गातील मार्ग जाहीर केलेल्या वेळांत नेहमी उपलब्ध असतो, म्हणून विमान कंपनी उड्डाणाचा आराखडा त्यावर आधारू शकते. दुसऱ्या वर्गातील मार्ग आदल्या दिवशी उपलब्धता कळवल्यावरच आराखड्यात घेता येतो. तिसऱ्या वर्गातील मार्ग आराखड्यात धरता येत नाही. विमान हवेत असताना नियंत्रकाने सांगितले तरच त्याचा उपयोग होतो.

हे वर्गीकरण तांत्रिक वाटले तरी लाभाचे प्रमाण त्यावरच ठरते. विमानात किती इंधन भरायचे, हे उड्डाणापूर्वी ठरते. जवळचा मार्ग मिळण्याची खात्री नसेल तर लांबच्या मार्गाला पुरेल एवढे इंधन घ्यावे लागते आणि वाढीव वजन वाहून नेण्यासाठीच काही इंधन खर्च होते. नंतर हवेत जवळचा मार्ग मिळाला तर वेळ वाचतो, परंतु बचत अपुरी राहते. म्हणून किती आकाश मोकळे झाले यापेक्षा ते मोकळे असल्याचे किती आधी आणि किती खात्रीने कळले, याला अधिक महत्त्व आहे.

'साठ टक्के' या आकड्याचा अर्थ

२०२० च्या घोषणेतील ६० टक्क्यांचा आकडा पुढे वारंवार उद्धृत झाला. उरलेल्या ४० टक्के आकाशात नागरी विमानांना कधीच प्रवेश नसतो, असा त्याचा अर्थ अनेकदा घेतला जातो. तो बरोबर नाही. निर्बंधित क्षेत्राला उंचीची खालची व वरची मर्यादा असते. काही क्षेत्रे दिवसाच कार्यान्वित असतात, काही आठवड्यातील ठरावीक दिवशीच. परवानगी घेऊन काही क्षेत्रांतून जाताही येते. क्षेत्रफळाच्या टक्केवारीत उंची आणि वेळ या दोन्ही गोष्टी लुप्त होतात.

उलट दिशेनेही हा आकडा अपुरा आहे. मुंबई-दिल्ली यांसारख्या वर्दळीच्या मार्गाजवळील लहान क्षेत्र दिवसातून दोन तास मोकळे झाले, तर तुरळक वाहतुकीच्या प्रदेशातील विस्तीर्ण क्षेत्र दिवसभर मोकळे करण्यापेक्षा अधिक लाभ होऊ शकतो. धोरणाच्या यशाचे मोजमाप करायचे तर राखून ठेवलेल्या तासांपैकी किती तास प्रत्यक्ष सराव झाला, न वापरलेल्या तासांपैकी किती वेळेवर परत मिळाले आणि त्यांचा किती विमानांनी उपयोग केला, या तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

महाराष्ट्र आणि गोवा

लवचिक वापराने मार्गावरील अडथळे कमी होतात. लष्करी धावपट्टीची वाटणी हा त्याहून वेगळा प्रश्न आहे. पुणे आणि गोवा येथील प्रवाशांचा संबंध मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाशी येतो.

पुण्याचे लोहगाव विमानतळ हा हवाई दलाचा तळ असून तेथे सुखोई ३० एमकेआय विमाने असतात. नागरी प्रवाशांसाठी त्याच आवारात स्वतंत्र टर्मिनल आहे. धावपट्टी मात्र एकच आणि ती हवाई दलाची असल्याने प्रवासी उड्डाणांच्या वेळा लष्करी उड्डाणांच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्याव्या लागतात. धावपट्टीच्या नूतनीकरणासाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये विमानतळ १४ दिवस पूर्णपणे बंद होता. जुलै २०२४ मध्ये नवे टर्मिनल सुरू झाल्याने प्रवाशांची सोय वाढली, परंतु टर्मिनल वाढवल्याने धावपट्टीवरील तास वाढत नाहीत. पुरंदर येथे स्वतंत्र नागरी विमानतळ बांधण्याच्या प्रस्तावामागे हेच कारण आहे. त्या प्रस्तावाला शेतजमिनी जाण्याच्या भीतीने स्थानिक गावांतून विरोध झाला आहे. आकाशाची व धावपट्टीची अडचण अशा रीतीने जमिनीच्या प्रश्नात रूपांतरित होते.

गोव्यातील दाबोळी येथे नौदलाचा 'आयएनएस हंसा' हा तळ आहे. पोर्तुगीज राजवटीत बांधलेले हे विमानतळ गोवामुक्तीनंतर नौदलाकडे आले. नौदलाच्या सरावासाठी अनेक वर्षे सोमवार ते शुक्रवार सकाळी ८.३० ते दुपारी १ या वेळेत तेथे प्रवासी विमानांना वाव नव्हता. पर्यटनाच्या हंगामात यामुळे उरलेल्या तासांत मोठी गर्दी होत असे. ५ जानेवारी २०२३ पासून पेडणे तालुक्यातील मोपा येथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाल्यावर प्रवासी विमानांना दिवसभर उतरण्याचा पर्याय मिळाला. त्याचबरोबर दाबोळीचे आणि त्यावर उपजीविका असलेल्या दक्षिण गोव्यातील टॅक्सीचालक व व्यावसायिकांचे भवितव्य काय, हा वाद सुरू झाला.

नाशिकजवळील ओझर येथील धावपट्टी हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडची आहे. तेथेही विमानांची निर्मिती व चाचणी-उड्डाणे आणि प्रवासी वाहतूक एकाच धावपट्टीवर चालते.

अन्य देशांतील अनुभव

युरोपात लवचिक वापराची पद्धत १९९६ मध्ये सुरू झाली. तेथे देश लहान असल्याने एका देशाचे राखीव क्षेत्र शेजारी देशाच्या वाहतुकीलाही अडवत असे. कोणतेही आकाश केवळ लष्करी किंवा केवळ नागरी मानू नये, हे तत्त्व तेथेच रूढ झाले.

अमेरिकेत २०१५ मध्ये 'पावडर रिव्हर' या प्रशिक्षण क्षेत्राच्या विस्ताराला मंजुरी मिळाली. साउथ डकोटातील एल्सवर्थ तळावरील बी-१ बॉम्बफेकी विमानांसाठीचे हे क्षेत्र सुमारे चौपट झाले आणि दोन्ही डकोटा, माँटाना व वायोमिंग या राज्यांवर पसरले. जनावरे बिथरण्याची भीती व्यक्त करणारे पशुपालक आणि लहान विमानतळ वापरणारे खासगी वैमानिक यांनी प्रस्तावाला आक्षेप घेतले. मंजुरी देताना मोठ्या सरावांचे दिवस वर्षातून दहापुरते मर्यादित करण्यात आले. बदलापूर्वी पर्यावरणीय परिणामांचा अहवाल प्रसिद्ध करून लोकांची मते मागवणे तेथे बंधनकारक आहे. भारतात असे बदल प्रामुख्याने खात्यांच्या व सैन्यदलांच्या समित्यांमध्ये ठरतात.

समान आकाश वापरण्यातील धोकाही अमेरिकेतच अलीकडे दिसला. २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टन येथे पोटोमॅक नदीवर भूदलाचे प्रशिक्षण-उड्डाण करणारे 'ब्लॅक हॉक' हेलिकॉप्टर आणि उतरणारे प्रवासी विमान यांची टक्कर होऊन दोन्हींमधील ६७ जण ठार झाले. त्या मार्गावर हेलिकॉप्टरला २०० फुटांची कमाल मर्यादा होती. टक्कर त्याहून अधिक उंचीवर झाली. आपले स्थान इतरांना कळवणारी प्रक्षेपण यंत्रणा हेलिकॉप्टरकडून त्या वेळी माहिती देत नव्हती. लष्करी विमानांना अशा प्रक्षेपणातून मिळणारी सूट किती असावी, हा त्यानंतर तेथील वादाचा मुख्य विषय झाला.

आक्षेप आणि मर्यादा

सैन्यदलांच्या अडचणी तीन प्रकारच्या आहेत. पहिली वेळापत्रकाची. सकाळी ढगाळ हवामानामुळे रद्द झालेला सराव दुपारी घ्यायचा असतो. तोपर्यंत क्षेत्र नागरी विमानांना दिलेले असल्यास वैमानिकाचा सराव बुडतो. दुसरी गोपनीयतेची. सरावाच्या वेळा आगाऊ जाहीर केल्या तर कोणत्या तळावर किती सराव चालतो, याचा अंदाज परकीय निरीक्षकास बांधता येतो. तिसरी ओळख पटवण्याची. भारतातील उड्डाणांसाठी हवाई संरक्षण परवाना क्रमांक घ्यावा लागतो, तो यासाठीच. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगाम येथे हवाई दलाच्याच क्षेपणास्त्राने स्वतःचे एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले गेले. तणावाच्या क्षणी मित्र आणि शत्रू ओळखणे किती अवघड असते, हे त्या घटनेने दाखवले.

संकटकाळात दिलेले आकाश तत्काळ परत घेता आले पाहिजे, ही अपेक्षाही रास्त आहे. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी झालेल्या संघर्षात उत्तर व पश्चिम भारतातील ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद करावे लागले. तेव्हा अनेक उड्डाणे रद्द झाली, परंतु बंदी आणि पुनरारंभ या दोन्ही बाबतींत नागरी व लष्करी नियंत्रणाचा समन्वय अपरिहार्य ठरला. शांततेच्या काळात रोज आकाश देण्या-घेण्याची सवय असलेल्या यंत्रणांना असा समन्वय अधिक सुलभ जातो, हा लवचिक वापराच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद आहे.

नागरी बाजूचीही एक जबाबदारी आहे. परत मिळालेले क्षेत्र विमान कंपन्यांनी वापरलेच नाही, तर सराव विनाकारण आखडता घेतला जातो. सशर्त मार्गांची माहिती आराखडे बनवणाऱ्या कर्मचाऱ्यांपर्यंत वेळेत पोहोचणे आणि त्यांनी ती वापरणे, यावर पद्धतीचे यश अवलंबून असते.

प्रस्तावित बदल

भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२४ मध्ये 'ईशान' या प्रकल्पाच्या दिशेने पाऊल टाकले. चारही उड्डाण माहिती क्षेत्रांतील वाहतुकीचे नियंत्रण एकत्र करून ते नागपूर येथून चालवावे, अशी त्यामागील कल्पना आहे. देशाच्या मध्यभागी असल्याने नागपूरला हवाई वाहतुकीत पूर्वीपासून महत्त्व आहे. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत चारही महानगरांची विमाने तेथेच एकत्र येत. नियंत्रण एका छत्राखाली आल्यास राखीव क्षेत्र मोकळे झाल्याची सूचना चार ठिकाणी स्वतंत्रपणे पोहोचवावी लागणार नाही. मात्र लष्करी नियंत्रकांना त्याच व्यवस्थेत कोणते स्थान मिळते, यावर तिचा लवचिक वापराला होणारा उपयोग ठरेल.

धावपट्ट्यांच्या वाटणीचा प्रश्न या प्रकल्पाने सुटणार नाही. पुणे, श्रीनगर, चंदीगड, जोधपूर, बागडोगरा यांसारख्या शहरांना हवाई दलाच्या धावपट्ट्यांवरच अवलंबून राहावे लागते. तेथे स्वतंत्र विमानतळासाठी जमीन मिळवणे किंवा सरावाचे तास बदलणे, हे दोनच मार्ग उरतात. त्यांपैकी पहिल्याचा भार शेतकऱ्यांवर आणि दुसऱ्याचा सैन्यदलांच्या सज्जतेवर पडतो.